कुंभा, तुंबा, द्रोणपुष्पी : बांधावरच्या पांढऱ्या फुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या दिवसांत शेताकडे चक्कर मारली की बांधाच्या कडेला गुडघ्याएवढी झुडपं दिसतात. देठाला ठरावीक अंतरावर हिरवे गोंडे आणि त्यांतून डोकावणारी पांढरीशुभ्र फुलं. हाच कुंभा. दरवर्षी या सुमाराला ओळखीपाळखीचे लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात : हे काय आहे, खातात का, खोकल्याला चालतं का, उपटून टाकू का? आमचं शेत भोरकडे आहे, त्यामुळे कुंभा मी लहानपणापासून पाहत आलेय. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

कुंभा ही नेमकी कोणती वनस्पती?

तुळशीच्या कुळातली, पावसाळ्यात उगवून हिवाळ्याअखेर वाळून जाणारी. कुळ तुळशीचंच आहे हे पटवून घ्यायचं असेल तर देठ बोटांत धरून फिरवा. तो गोल लागत नाही, चार कडा हाताला जाणवतात. पानं समोरासमोर, जोडीनं येतात. चुरगाळली तर उग्र, किंचित तिखट वास येतो. तुळशीसारखा प्रसन्न नव्हे, पण ओळख पटवणारा.

आपल्याकडे कुंभा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक जात समोर असते. एक ल्यूकस ॲस्पेरा. हिचे गोंडे लहान, पानं अरुंद आणि स्पर्श खरखरीत. ‘ॲस्पेरा’ म्हणजेच खरखरीत. दुसरी ल्यूकस सेफॅलोटस. तिचा गोंडा चांगला लिंबाएवढा गोल होतो आणि फुलं त्याच्या कडेनं गोलाकार उमलतात. ‘ल्यूकस’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1810 मध्ये या गटाला हे नाव दिलं. स्वयंपाकघरात आणि घरगुती वापरात या दोन जातींत कोणी फारसा भेद करत नाही.

कुंभा म्हणजे झाड ना? आमच्या गावात तर मोठा वृक्ष आहे.

तोही कुंभाच. जंगलात वाढणारा, मोठी पानं आणि पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुलं असणारा कुंभा किंवा कुंभ्या हा निराळा वृक्ष, शास्त्रीय भाषेत करेया आर्बोरिया. त्याचा आणि आपल्या झुडपाचा काही संबंध नाही. ‘तुंबा’ या नावाचाही असाच घोळ होतो, कारण वाळवलेल्या भोपळ्यालाही तुंबा म्हणतात. कोकणात तुंबा आणि गोव्यात तुंबो म्हटलं की लोकांना हेच झुडूप कळतं. हिंदीत गूमा. संस्कृतात द्रोणपुष्पी, आणि मला स्वतःला हेच नाव सर्वांत नेमकं वाटतं. त्याचं कारण पुढच्याच उत्तरात येईल.

झाडपाल्याच्या दुकानात ‘कुंभा द्या’ एवढंच सांगू नका. ‘द्रोणपुष्पी’ म्हणा आणि वाळका माल असला तरी गोंडे पाहून घ्या.

फूल जवळून कसं दिसतं? ओळखायची खात्रीची खूण कोणती?

सकाळी, दव असतानाच पाहा. गोंड्यातून एक फूल हलक्या हातानं ओढा. ते सहज निघतं, देठ नसतोच. हातात येते जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची एक बारीक नळी, आणि तिच्या तोंडाशी दोन ओठ. वरचा ओठ आखूड, टोपरं घातल्यासारखा वाकलेला, आणि त्याच्यावर पांढरी दाट लव. उन्हाच्या दिशेनं धरलं तर ही लव कापसाच्या पेळूसारखी चमकते. खालचा ओठ लांब, पसरट, तीन भागांचा, आणि त्यातला मधला भाग सगळ्यांत मोठा. माशीला उतरायला जणू अंगणच. टोपऱ्याच्या आत चार पुंकेसर दडलेले असतात, दोन लांब, दोन आखूड.

आता फूल उलटं करा. पळसाच्या पानाचा द्रोण आठवतो का? वरणाला, खिरीला पंगतीत मांडतात तो? फुलाची पोकळी अगदी तशी दिसते. ज्यानं कोणी द्रोणपुष्पी हे नाव ठेवलं, त्यानं ते फूल हातात घेऊन पाहिलं असणार.

फूल निघून गेल्यावर जो हिरवा पेला उरतो, त्यावरही लक्ष द्या. ॲस्पेरामध्ये तो थोडा बाकदार असतो आणि त्याच्या काठाला आठ ते दहा बारीक दात असतात. पाकळ्या फार टिकत नाहीत, पण हे पेले झुडूप वाळून काडी झालं तरी जागच्या जागी राहतात. जानेवारीत फुलं नसतानाही कुंभा ओळखता येतो तो यामुळे.

याच्यासारखी दिसणारी दुसरी झुडपं कोणती?

गावाकडे तीन जरा गोंधळात पाडतात. दीपमाळ ही याच कुळातली, तिलाही देठाभोवती गोल गोंडे येतात, पण ती माणसाहून उंच होते, गोंडे काटेरी असतात आणि फुलं केशरी. गोपाळीला जांभळट फुलं येतात आणि तीही उंच असते. रानतुळशीची फुलं निळसर-जांभळी, बारीक, आणि वास इतका तीव्र की चूक व्हायला नको. सड्यांवर, पठारांवर भेटणारी बुरुंबी मात्र कुंभ्याची सख्खी बहीण. तीही ल्यूकसच, फुलंही तशीच पांढरी, पण जात वेगळी. ती भाजीसाठी तोडू नका. सह्याद्रीच्या सड्यांवरची फुलं तिथेच शोभतात.

परदेशात डेडनेटल म्हणतात ते हेच का?

नाही, पण नातं जवळचं आहे. हा प्रश्न मला इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हमखास येतो, कारण तिथल्या रस्त्याकडेला पांढरी डेडनेटल दिसली की त्यांना गावाकडचा कुंभा आठवतो. कुळ एकच, चौकोनी देठ तोच, टोपरं घातलेलं दोन ओठांचं फूलही तसंच. पण तिचं शास्त्रीय नाव लॅमियम आल्बम. नेटल ही अंगाला लागली की आग आग करणारी वनस्पती, आणि हिची पानं हुबेहूब तिच्यासारखी, पण दंश नाही, म्हणून ती ‘मेलेली नेटल’. तिची फुलं कुंभ्यापेक्षा बरीच मोठी, दोन-अडीच सेंटिमीटरची. नळीच्या तळाशी मध असतो आणि तिथवर पोचायला लांब जिभेचा भुंगाच लागतो. आखूड जिभेचे भुंगे मग नळीला बाहेरून भोक पाडून मध चोरतात. इंग्लंडमध्ये तिचं एक लोकनाव आहे, ‘कुंजातले आदम आणि हव्वा’. फूल उलटं केलं की टोपऱ्याखाली शेजारी शेजारी पहुडलेले केसर दिसतात, त्यावरून ते पडलं. जपानी लोकांना याच गटातल्या त्यांच्याकडच्या फुलात पेंढ्याची टोपी घातलेल्या नर्तकी दिसल्या, म्हणून तिकडे तिचं नाव ‘नर्तकीचं रोप’.

जर्मनीत या फुलांचा काढा घसा आणि सर्दीसाठी घेण्याची जुनी रीत आहे. औषधासाठी फक्त पांढरी पाकळी-नळी, हिरवा पेला मागे ठेवून, हातानं एकेक खुडतात आणि लगेच वाळवतात. ओल राहिली तर ती तपकिरी पडतात. किती वेळखाऊ काम असेल याची कल्पना कुंभ्याची वाटीभर फुलं वेचून पाहिली की येते. डेडनेटल आपल्याकडे महाराष्ट्रात उगवत नाही. काश्मीर आणि हिमालयात मात्र ती आहे.

फुलांचा उपयोग काय?

पहिला मान देवाचा. द्रोणपुष्प शंकराला प्रिय मानतात, आणि कुंभा फुलू लागतो तोच श्रावणात. माझी आजी सोमवारी पिंडीवर बेलाच्या जोडीला ओंजळभर फुलं वाहायची. ती गोंडा तोडत नसे, सुटी फुलंच वेचायची. ‘गोंडा तोडलास तर उद्याची फुलं कुठून येतील?’ असं तिनं मला एकदा दटावलेलं अजून आठवतं. एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी येतात, हे मला पुस्तकाआधी तिच्याकडून कळलं.

केरळात हेच तुंबा फूल ओणमच्या रांगोळीत लागतंच लागतं. बाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग असले तरी तिथली जुनी माणसं ही बारीक पांढरी फुलं मुद्दाम शोधून आणतात. तिरुवनंतपुरमजवळच्या ज्या थुंबा गावातून 21 नोव्हेंबर 1963 रोजी भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट आकाशात गेलं, त्या गावाचं नाव याच झुडपावरून आलं असं सांगतात. प्राचीन तमिळ काव्यात तर समोरासमोरच्या युद्धाच्या विषयालाच ‘तुंबै’ म्हटलं आहे, कारण त्या युद्धात योद्धे या फुलांच्या माळा घालत. एवढंसं फूल, आणि त्याच्यावर काय काय भार!

खाण्यात फुलांचा वापर थोडाच आहे. पोरं नळीचं मागचं टोक चोखतात, तिथे मधाचा एक थेंब असतो, जिभेला कळेल न कळेल इतका. घरगुती औषधात फुलं मधात कालवून खोकल्यावर चाटवतात. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

भाजी फुलांची करतात की पानांची?

पानांची. आणि फुलं यायच्या आधीची. मृगाच्या पावसानंतर जून-जुलैत रोप वीतभर झालं की कोवळे शेंडे खुडायचे. एकदा गोंडे धरले की पानं राठ आणि कडू होतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तिथे कुंभा दिसला तर पानं दुमडून पाहा. मऊ असतील तरच घ्या.

आमच्याकडची पद्धत अशी : चार ओंजळी कोवळा पाला निवडून तीन पाण्यांत धुवायचा. पानं लवदार असल्यानं माती धरून ठेवतात, तेव्हा इथे कंटाळा नको. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून काढायचा, गार झाला की घट्ट पिळून बारीक चिरायचा. कडवटपणा निम्मा इथेच जातो. तेलात सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्यायचा, मग हिरवी मिरची, एक मोठा कांदा, अर्धी वाटी भिजवलेली मुगाची डाळ. डाळ बोटचेपी झाली की पाला घालायचा, मीठ, आणि झाकण न ठेवता पाच मिनिटं परतायचा. वरून ओलं खोबरं. पिळल्यावर पाला मूठभरच उरतो, म्हणून मीठ बेतानं. तांदळाच्या किंवा नाचणीच्या गरम भाकरीबरोबर खाऊन बघा. तोंडात आधी किंचित कडू लागतं आणि मागून तिखटसर चव येते.

पहिल्यांदा खात असाल तर थोडीच खा, आणि ओळख पटवून देणारं माणूस बरोबर असल्याशिवाय कुठलीच रानभाजी तोडू नका.

आयुर्वेदात काय सांगितलंय?

भावप्रकाशात द्रोणपुष्पी आहे, आणि तिचं एक नाव ‘फलेपुष्पा’ असं दिलंय. गुण उष्ण, रूक्ष, तिखटाकडे झुकणारा. कफ, कावीळ, सूज, दमा आणि जंत यांवर ती उपयोगी असल्याचं म्हटलं आहे. घराघरांतला वापर याच्याशी जुळणारा आहे : सर्दीनं डोकं जड झालं की पाला घातलेल्या पाण्याची वाफ, अंग दुखत असेल तर पाल्याचा शेक, खरजेवर पाल्याचा रस.

पण एक गोष्ट मी इथे स्पष्टच लिहिते. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर या वनस्पतीच्या अर्काचे बरेच प्रयोग झालेत, त्यावरून माणसांत ती अमुक आजार बरा करते असा निष्कर्ष काढता येत नाही. वाफ घ्या, भाजी खा. पण कावीळ झाली तर आधी रक्ततपासणी करून घ्या. कावीळ कशामुळे झाली हे कळल्याशिवाय ‘गावठी औषध’ म्हणून नाकात रस पिळणं धोक्याचं आहे. नाकात रस टाकण्याची ही रीत मी पाहिलेली आहे. नाकाची आग होते, पाणी वाहतं, आणि पिवळं पाणी निघालं म्हणजे कावीळ निघाली असा समज होतो. तसं काही नसतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी औषध म्हणून ती वैद्यांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

साप किंवा विंचू चावल्यावर कुंभ्याचा रस देतात ना?

देतात, आणि हे थांबलं पाहिजे. एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी हे सगळं लिहिलं असतं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर उतारा एकच, रुग्णालयात मिळणारं सर्पविषरोधक इंजेक्शन. चावल्यावर माणसाला शांत ठेवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका, 108 ला फोन करा आणि निघा. पाला शोधण्यात, वाटण्यात, डोळ्यांत-नाकात रस पिळण्यात अर्धा तास जातो. मण्यार चावल्यावर सुरुवातीला दुखत नाही की सुजत नाही, त्यामुळे ‘रसानं उतार पडला’ असं वाटतं आणि पहाटे श्वास बंद पडू लागतो. अनेकदा साप बिनविषारी असतो, माणूस तसाही वाचणारच असतो, आणि श्रेय मात्र पाल्याला जातं. समज पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो असा.

विंचवाचंही तेच. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत, विशेषतः लहान मुलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर ते मृत्यू खूप कमी झाले. ती गोळीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. विंचू चावलेल्याला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर क्षणभरही थांबू नका.

लहान मुलांच्या खोकल्याला फुलं आणि मध चालेल का?

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, कुंभ्याबरोबर नाही आणि एकटाही नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मोठ्या मुलाला साधा खोकला असेल तर पाच-सात ताजी, धुतलेली फुलं चमचाभर मधात कालवून चाटवण्याची रीत आहे. घसा मऊ होतो, पण त्यातला मोठा वाटा मधाचा असावा असं माझं मत आहे. ताप, धाप किंवा छातीत घरघर असेल तर डॉक्टरांकडे न्या.

वाळलेल्या कुंभ्याच्या धुरानं डास जातात का?

कमी होतात. गोठ्यात संध्याकाळी वाळका कुंभा आणि कडुनिंबाचा पाला शेणीच्या निखाऱ्यावर टाकतात. गुरांना बरं वाटतं, शेपटीचे फटकारे थांबतात. बंद खोलीत मात्र हा धूर करू नका. कुठलाही धूर फुप्फुसाला वाईटच.

हे तण आहे. उपटून टाकू की ठेवू?

पिकाच्या ओळीत असेल तर उपटा, त्यात वाद नाही. सोयाबीनमध्ये, भुईमुगात ते पिकाचं अन्न खातं. माझं म्हणणं बांधापुरतं आहे.

बांधावरच्या कुंभ्यापाशी सकाळी नऊच्या सुमारास दहा मिनिटं बसा. सातेरी मधमाशी येते, लहानखुरी फुलोरी माशी येते, आणि पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी येते. ती स्थिर बसत नाही, तरंगत राहते, झटकन खालच्या ओठावर टेकते, टोपऱ्याखाली डोकं घालते आणि निघते. डोकं आत गेलं की वरचे केसर तिच्या पाठीला घासतात आणि पराग लागतो. पुढच्या फुलात तोच पराग पोचतो. टोपऱ्याचा आकार उगाच तसा नाही. फुलपाखरंही असतात. आणि हे सगळं ऑगस्टपासून थेट डिसेंबरपर्यंत. पाऊस सरल्यावर माळ पिवळा पडत जातो, बाकीची रानफुलं संपत येतात, तेव्हाही कुंभा चालूच असतो. कारल्याला, भोपळ्याला, सूर्यफुलाला ज्या माश्या लागतात, त्यांचं पोट या दिवसांत कोणी भरायचं?

चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात मजूर मिळेनात म्हणून बांधावरही तणनाशक मारलं गेलं. मी गावी नव्हते. दिवाळीला गेले तर बांध तांबडा पडलेला, दोन्ही बाजूंनी उघडा. कुंभा नाही, केना नाही, आघाडा नाही. पुढच्या पावसात बांधाची माती दोन ठिकाणी वाहून गेली आणि परसातल्या वेलांना कारली धरलीच कमी. फुलं येत होती आणि पिवळी पडून गळत होती. त्यातलं किती माश्यांमुळे आणि किती पावसामुळे, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सकाळी बांधावर जी गुणगुण असायची ती नव्हती, एवढं मी कानांनी ऐकलंय. तेव्हापासून बांधावर फक्त विळा चालतो, तोही फुलोरा सरल्यावर.

गोळा करताना काय काळजी घ्यावी?

फवारणीच्या शेताजवळचा, महामार्गाच्या कडेचा, सांडपाण्याच्या नाल्यालगतचा पाला नको. लवदार पानांवर धूळ आणि औषध दोन्ही चिकटून बसतात. एका जागचं सगळं घेऊ नका. वाळवायचं असेल तर सावलीत, वाऱ्यावर.

शहरात कुंडीत लावता येईल का?

येईल, आणि जरूर लावा. बी विकत मिळणं कठीण, पण गोळा करणं सोपं. डिसेंबर-जानेवारीत वाळलेला गोंडा कागदावर उलटा धरून टिचकी मारा. प्रत्येक पेल्यातून जास्तीत जास्त चार बारीक, काळपट-तपकिरी बिया पडतील. काही पेले रिकामे निघतील, ते आधीच जमिनीवर सांडून मोकळे झालेले असतात. बिया कागदाच्या पुडीत ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कुंडीतल्या भुसभुशीत मातीवर पसरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या. पाणी साचू देऊ नका, ऊन भरपूर द्या, खत नको. जास्त खतानं नुसता पाला माजतो. वीतभर झाल्यावर शेंडे एकदा खुडा. भाजी होईल, आणि रोपाला फांद्या फुटून गोंडेही वाढतील.

माझी मावसबहीण ठाण्याला सातव्या मजल्यावर राहते. मी दिलेल्या पुडीतून तिच्या दोन कुंड्यांत अकरा रोपं आली. सप्टेंबरमध्ये तिचा फोन आला, ‘अगं, निळ्या पट्ट्यांची माशी आली, इतक्या वर!’